दसऱ्याच्या सकाळी बागबाजारात

षष्ठीच्या संध्याकाळी, दुर्गापूजेची सुट्टी लागायच्या आत फर्मने मला नकार पाठवून दिला. लॉ फर्मचे नकार सगळे एकाच साच्यातले. तुमची गुणवत्ता आवडली, पुढच्या वाटचालीला शुभेच्छा, पुन्हा तोंड दाखवू नका. शेवटचं तेवढं लिहीत नाहीत. मी बसमध्ये तो मेल वाचला, फोन पर्समध्ये टाकला आणि माझ्या स्टॉपवर उतरले.

लॉचं माझं शेवटचं वर्ष. वर्गातल्या बहुतेकांच्या ट्रेनीच्या जागा उन्हाळ्यातच ठरल्या होत्या. मी दिल्ली, मुंबई, बंगळूर सगळीकडे अर्ज करून बसले होते. पहिल्या नकारांना रडले. मग काही दिवस जेवण जाईना. मग जेवणही जायला लागलं आणि काही वाटेनासं झालं. ही कोलकात्यातली फर्म शेवटची, आणि मला समोर बसवून मुलाखत घेणारी एकमेव. त्यामुळे बाबांचा सगळा जीव तिच्यात अडकला होता.

त्यांना मी सांगितलंच नाही. सप्तमीला सांगणार होते, तर ते फोनवर महाराष्ट्र मंडळातल्या चंद्रकांतकाकांना "जवळजवळ झालंच म्हणा" असं सांगत होते. अष्टमीला आईने कौतुकाने श्रीखंड केलं. सांगायला निदान तोंड उघडावं लागतं, आणि माझ्याने तेवढंही होत नव्हतं.

चंद्रकांतकाकांची हयात हायकोर्टात गेलेली. माझी मुलाखत घेणाऱ्या, फर्मच्या मोठ्या वकील घोषालबाईंचा घरचा पत्ता त्यांनी काढून दिला. दसऱ्याच्या सकाळी बाबा इस्त्रीचा कुर्ता घालून तयार. हातात पानांची पिशवी. आपटा इथे कुठला मिळायला, डमडममधलं आमचं सोनं म्हणजे कांचनाची पानं.

"वशिला नाही हं हा, श्वेता," बाबा म्हणाले. "सण आहे. मोठ्या माणसाला सोनं द्यायचं, पाया पडायचं. एवढंच."

इथे दशमीला मूर्तीचं विसर्जन होईपर्यंत कुणी कुणाच्या पाया पडायला जात नाही, की 'शुभो बिजोया' म्हणून विजयादशमीच्या शुभेच्छा देत नाही. देवी घरात असताना तिला निरोप दिल्यासारखं होतं ते. बाबांना पंचवीस वर्षांत हे कळलं नाही, कारण दसऱ्याला ते फक्त मराठी घरी जातात. मी मात्र इथेच जन्मले, मला हे पक्कं ठाऊक. तरी मी चपला घातल्या आणि "चला" म्हटलं.

बागबाजारच्या गल्लीत ढाक, पूजेतले ते मोठे ढोल, वाजत होते. दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं ते घोषालबाईंच्या आईंनी. बाबांनी पानं पुढे केली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "शुभो बिजोया!"

म्हातारी एकदम मागे सरकली. "मा एखनो आछेन," ती म्हणाली. आई, म्हणजे देवी, अजून आहे. तिचे डोळे भरून आले होते. दुर्गा म्हणजे इथे वर्षातून एकदा माहेरी आलेली लेक, आणि सकाळीच दारात कुणीतरी तिला वाटेला लावायला उभं! बाबांना शब्द कळले, चूक कळायला थोडा वेळ लागला. कळली तेव्हा ते मोडक्या बंगालीत पुन्हा पुन्हा माफी मागायला लागले.

आतून घोषालबाई आल्या. मला बघून गोंधळल्या. बाबा म्हातारीपुढे हात जोडून उभे होते तेवढ्यात बाईंनी मला हळूच विचारलं, "तुमि मेल पाओनि?" मेल नाही मिळाला तुला?

"पेयेछि," मी म्हटलं. मिळाला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि प्यायला पाणी आणलं. भल्या बाई होत्या. मेलबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत.

खाली फुटपाथवर बाबा थांबले. पानांची पिशवी तशीच हातात होती.

"घालवली ना मी तुझी जागा," ते म्हणाले. "अक्कल नको माणसाला? अगं, त्या आजी रडल्या. आता कशाला घेतायत त्या तुला!"

हे ते आता जन्मभर बोलत राहणार, हे मला दिसलं. मी म्हटलं, "बाबा, त्यांचा नकार षष्ठीलाच आलाय. तुमच्यामुळे काही नाही गेलं."

त्यांचा चेहरा क्षणभर निवळला. मग त्यांनी वर खिडकीकडे पाहिलं.

"त्या बाईंना माहीत होतं?"

"हो."

"आणि तुला? घरून निघतानाच?"

मी मान डोलावली.

"आणि तरी तू मला वर जाऊ दिलंस?"

आवाज चढला नाही. उत्तराची वाटही पाहिली नाही. ते मेट्रोच्या दिशेने चालायला लागले. उन्हाळ्यापासून मला कुणाच्याच नकाराचं काही वाटलं नव्हतं. याचं वाटलं. ढाकांच्या त्या गदारोळात, भर रस्त्यात मी हमसून रडायला लागले, आणि बाबा वळून बघत नव्हते.