बारा नंबरची काच

बारा नंबरच्या काचेवर एकही हिरवा ठिपका सापडला नाही, म्हणून मोजणीबाईंनी ती सूक्ष्मदर्शकाखाली दुसऱ्यांदा लावली. एकवीस वर्षं त्या पेशींतले ठिपके मोजत होत्या. घरी जिन्याच्या पायऱ्याही मोजतात, असं प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम चिडवत.

काम साधं होतं. पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया औषध घालून मुद्दाम बिघडवायचे. धडधाकट पेशी अशा बिघडलेल्यांना युबिक्विटिन नावाच्या प्रथिनाच्या चिठ्ठ्या डकवते, म्हणजे मोडीत काय काढायचं ते कळतं. रंग घातला की या चिठ्ठ्या हिरव्या दिसतात. चिठ्ठ्या लागल्याच नाहीत तर मोडकं सामान आत साचत जातं, आणि एखाद्याचा हात ऐन उमेदीत थरथरायला लागतो.

थरथरत होता तो त्यांच्या दादाचा हात. दादा शिंपी. तीन वर्षं त्याला सुई ओवता येत नव्हती, आणि कुणी ओवून द्यायला पुढे झालं की तो खेकसायचा. आईबाबांकडून आलेला दोष बहिणीतही असू शकत होता, म्हणून दोघांच्याही दंडाची चिमूटभर कातडी काढून पेशी वाढवल्या होत्या. मोजणारं दुसरं कुणी नव्हतं. काच कुणाची ते मात्र मोजणाऱ्याला सांगायचं नाही, हा नियम. सात नंबर हिरवीगार होती, बारा कोरी.

आकडे हातात आल्यावर मॅडमनी नावांचं बंद पाकीट फोडलं. बारा नंबरची काच दादाची होती, सात नंबरची त्यांची स्वतःची. मोजणीबाईंच्या जिवात जीव आला, आणि लगेच स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी बारा नंबरची काच तिसऱ्यांदा मोजायला घेतली. ठिपका नव्हताच.

संध्याकाळी त्या दुकानात गेल्या. वहिनी कापड बेतत होती. दादा उजवा हात मांडीखाली दाबून बसला होता.

"तुझं काय निघालं?" त्याने विचारलं.

"माझं ठीक आहे."

"नीट मोजलंस ना?"

"मोजलं. तुझं तीनदा मोजलं, दादा."

तो म्हणाला, बरं झालं, दोघंही थरथरत शिवायला बसलो असतो तर गिऱ्हाइकाच्या कोटाला तीन बाह्या लागल्या असत्या. वहिनी हसली नाही. त्याने डाव्या हाताने सुयांची डबी बहिणीपुढे सरकवली.

"ओव. काळा दोरा घे."

पहिल्याच खेपेला दोरा आत गेला. मग सुई दादाला द्यायची की वहिनीला, ते न कळून त्या ती हातात धरून बसल्या.