भाऊसोंचा आवाज

कबनूरच्या भाऊसोंना हळू बोलता येत नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. तीस वर्षं दुसऱ्याच्या शेडमध्ये यंत्रमाग चालवले. त्या खडखडाटात कान गेले आणि घसा तेवढा वाढला. भाऊसोंनी घरात चहा मागितला की शेजारीण आधण ठेवते, अशी थट्टा चालायची. लेक साक्षी लहान होती तेव्हा तिला या आवाजाची भारी लाज वाटायची. शाळेच्या फाटकातून "साक्षेऽऽ, डबा इसरलीस!" अशी आरोळी आली की पोरगी मान खाली घालून बसायची.

आता तीच पोरगी कोल्हापुरात रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला होती, आणि बापाला स्वतःच्या गाडीत शेजारी बसवून मुरगूडहून परत निघाली होती. आत्याच्या नातवाचं बारसं होतं. पंगती उठायला रात्र झाली. "ऱ्हावा की आजची रात," म्हणून आक्काताई आत्यानं किती विनवण्या केल्या. पण ऐकतील तर ते भाऊसो कसले!

"ह्यो पट्टा कशाला आवळतीस मला? मी काय म्हस हाय व्हय?"

"लावा गप, आबा. न्हायतर गाडी शिट्टी मारत बसती."

"शिट्टी मला कुठं ऐकू येती!" भाऊसो ओरडले आणि स्वतःच खदाखदा हसले.

दोन्ही बाजूंना ऊस. वळण घेतलं आणि उजेडात दिसली आडवी पडलेली मोटारसायकल. शेजारी एक माणूस पालथा. साक्षीच्या मनात आलं, बाजूनं काढावी गाडी आणि पुढच्या गावात सांगावं. पण भाऊसोंनी काच खाली केली सुद्धा. "थांबीव! कुणाचं तरी पोरगं पडलंय! ओ पावणं, लागलंय काय?"

आता कुणी म्हणेल, थांबायचं कशाला? अहो, आपल्याकडं पडलेल्या माणसाला टाकून पुढं जात नाहीत. मुडद्यांनी नेमकं हेच हेरलं होतं.

पडलेला माणूस टुणकन उठला. दुसरा उसातून आला, त्याच्या हातात कोयता. खिडकीतून हात घालून दारं उघडली, आणि दोघं मागच्या सीटवर. कोयता भाऊसोंच्या मानेवर टेकला.

"मोबाईल द्या दोघांचं. आणि गाडी फिरीव. निपाणीकडं घ्यायची. हद्दीच्या नाक्यावर पोलिसांनी इचारलं तर बापलेक पुढं, आम्ही मागं पावणं. कळलं?"

"आँ? काय म्हणतोयस?" भाऊसो गरजले.

"ए म्हाताऱ्या, हळू बोल!"

"काय? मोठ्यानं सांग की!"

कोयत्याची मूठ फाडकन त्यांच्या कानामागं बसली. त्या माणसाला वाटलं, म्हातारा माज दाखवतोय. साक्षी म्हणायला गेली, "त्यास्नी ऐकू..." तर तिच्याही तोंडावर मागून चापट बसली. ओठ फुटला. "एक शब्द काढलास तर बापाचं मुंडकं मांडीवर ईल तुझ्या."

तिनं गाडी फिरवली. भाऊसोंच्या कानामागून रक्त ओघळत शर्टाच्या कॉलरीत जात होतं, आणि ते, आयुष्यात पहिल्यांदाच, गप्प बसले होते. तिला त्या कोयत्यापेक्षा बापाच्या गप्प बसण्याचीच जास्त भीती वाटली. ही माणसं नाका ओलांडल्यावर आपल्याला जिवंत सोडणार नाहीत, हे तिला कळून चुकलं होतं. आपलं काय व्हायचं ते होवो, पण आबा वाचले पाहिजेत, एवढंच तिच्या डोक्यात घोळत होतं.

थोडं पुढं गेल्यावर मागचा एकजण तिचा मोबाईल उघडायच्या खटपटीला लागला. उघडेना. कोयतेवाल्यानं वैतागून "आण हिकडं," म्हटलं आणि कोयता मांडीवर ठेवला.

भाऊसोंनी समोरच्या आरशात ते बघितलं. मान हलवली नाही. गुडघ्यावरचा उजवा हात तेवढा उचलला, मूठ वळली आणि पोटाकडं ओढली.

मागाच्या शेडमध्ये कुणी तोंडानं बोलत नाही. बोलून उपयोगच नसतो. सगळा कारभार हातांनी. साक्षी शाळेतून डबा घेऊन जायची, तेव्हा सुताच्या कांड्यांच्या पाटीवर बसून तिनं ती सगळी भाषा उचलली होती. दोन बोटांची कात्री म्हणजे सुताची तार तुटली. हात तोंडाशी म्हणजे चहा. आणि वळलेली मूठ पोटाकडं ओढली, म्हणजे माग बंद कर. आत्ताच्या आत्ता.

साक्षीनं सगळं अंग टाकून ब्रेक दाबला.

पुढच्या दोघांना पट्ट्यांनी धरलं. मागच्यांना धरायला काही नव्हतं. एकाचं तोंड सीटवर आपटलं, दुसरा दोन सीटच्या मधून थेट पुढं आला, आणि उडालेला कोयता भाऊसोंचा दंड चिरत गेला. भाऊसो डावीकडून उतरले, साक्षी उजवीकडून. तिनं सवयीनं चावीही काढून घेतली होती. दोघं दोन बाजूंच्या उसात शिरले.

उसाची पाती तोंडावर सपासप लागत होती. दहा-बारा सऱ्या ओलांडून साक्षी बसली, तोंडावर हात दाबून. रस्त्यावर दोघांच्या शिव्या चालल्या होत्या. गाडी होती, चावी नव्हती. मग कोयतेवाला भाऊसोंच्या बाजूला तोंड करून ओरडला.

"म्हाताऱ्या! पोरगी गावलीया आमाला! भाईर ये, न्हायतर हिचा गळा चिरतो!"

आबा आता येणार. हात वर करून येणार, आणि हे त्यांना तिथंच तोडणार. ओरडून सांगावं, 'मी हितं हाय,' तर हे इकडं धावणार. आणि ओरडून तरी त्यांना कुठं ऐकू जाणार होतं?

तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला. ऐकू जाणार नव्हतं. तिचंही, आणि त्या चोरांचंही. तरीपण जीव राहीना. थोडंफार ऐकू येतंच की आबांना! एखादा शब्द गेला असला तर? तिनं डोळे गच्च मिटले.

"आरं ये की! पोटची पोर हाय न्हवं तुझी?"

समोरचा ऊस हलला नाही.

आणखी थांबणं तिला झेपेना. तिनं मुठीतली चावी जीव खाऊन रस्त्याकडं भिरकावली. डांबरावर खळ्ळ झालं. दोघं चावीवर झेपावले. दुरून ट्रॅक्टरचा उजेड येत होता. गाडी सुरू झाली आणि निपाणीकडं सुसाट गेली. जाऊ दे मेली!

साक्षी धावत रस्ता ओलांडून समोरच्या उसात घुसली. हाक मारून उपयोग नव्हता. अंधारात हातानं चाचपत सरी सरी फिरली. प्रत्येक ढेकूळ तिला बापाचं डोकं वाटत होतं. आणि एकाएकी डाव्या अंगाला, अख्ख्या शिवाराला जाग येईल असा आवाज उठला.

"साक्षेऽऽऽ! हाईस काय गं?"

ती आवाजाकडं धावली, लहान पोरीसारखी रडत.

ट्रॅक्टरवाल्यानं दोघांना वर घेतलं. सरकारी दवाखान्यात भाऊसोंच्या दंडाला आणि कानामागं टाके पडले. सकाळी हवालदार जबाब घ्यायला आले. साक्षीनं सगळं सांगितलं. हवालदारांनी कौतुकानं भाऊसोंच्या कानाशी वाकून म्हटलं, "पोरगी गावली म्हणून त्ये चोर वरडत हुते, तरी तुम्ही भाईर आला न्हाईसा! डोकं शाबूत ठेवलंसा बघा!"

भाऊसोंचा चेहरा उतरला. "काय म्हणून वरडत हुते?"

हवालदारांनी परत सांगितलं. हवालदार गेल्यावर भाऊसो बोलले, ते इतकं हळू की साक्षीला खाली वाकावं लागलं.

"मला ऐकूच आलं न्हाय गं."

"बरं झालं न्हाय आलं ते!"

"काय बरं झालं? पोरीच्या जिवावर बेतलंय म्हणून हाका मारल्या, आन् बाप उसात पडून ऱ्हायला. तुला काय वाटलं असंल? बा आलाच न्हाय, असंच की." त्यांच्या डोळ्यांतलं पाणी कानामागच्या पट्टीत जिरत होतं.

साक्षी कॉटवर चढून बसली. त्यांच्या बऱ्या कानाशी तोंड नेलं आणि असं ओरडली की सगळा वॉर्ड माना वळवून बघायला लागला. तिला काडीची लाज वाटली नाही.

"आबा, मी मनातल्या मनात एकच म्हणत हुते! येऊ नगा, येऊ नगा, येऊ नगा!"

भाऊसोंनी तिचा हात धरला.

"खरंच?"

"खरंच!"

त्यांनी चादरीच्या टोकानं डोळे पुसले.

"मग तेवढं ऐकलं म्हणायचं की मी."