ओला चुना

लिंबेर्तने मेजाच्या कडेवरून लोंबणारा हिरवा कागद दोन बोटांनी उचलला आणि हेर्मिनियाबाईंना दिसेल असा धरला.

"हा बघा मॅडम. रंग कुणाच्या पॅनेलचा ते मी सांगायला नको."

"सोड तो. फाटेल," नेल्मा म्हणाली.

"फाटला तर बरंच. बारानंतर तोही नियमात बसत नाही."

हेर्मिनियाबाईंनी शाल गळ्याशी ओढून घेतली. कॉलेजच्या खानावळीच्या या भिंतीला उन्हं उशिरा पोचत, आणि पठारावरचा वारा मात्र थेट येई. भिंतीवर योबाना हसत होती. मुलांनी तिला माणसाच्या दुप्पट आकाराची रंगवली होती. दोन वेण्या, पुढच्या दातांतली फट, गळ्यात हिरवा मफलर. तिच्या पायांशी मेज मांडलेलं होतं. उसाची उभी कांडी, केळी, मेणबत्त्या, कांद्याच्या पातीची जुडी आणि मधोमध पावांची टोपली. सगळ्यांत वर पिठाचं एक बाळ, लपेटून निजवल्यासारखं, तोंडाच्या जागी रंगवलेला छोटासा मुखवटा. आज मृतांचा सण होता. या दिवशी मेलेली माणसं दुपारी बारा वाजता आपापल्या मेजांवर जेवायला येतात, तेव्हा गावोगावच्या भट्ट्यांतून अशी बाळं निघतात.

"मॅडम, घोटभर आपी घ्या," नेल्माने जांभळ्या मक्याच्या पेजेचा वाफाळता पेला पुढे केला. "कधीच्या उभ्या आहात."

"नको गं."

"अहो, पेज आहे नुसती."

"मतमोजणी होईपर्यंत तुझ्या हातचं पाणीही मला चालत नाही."

"मॅडमचा नाश्ता म्हणजे नियमावली," लिंबेर्त म्हणाला. "चावून चावून खातात."

हेर्मिनियाबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. निवडणूक समितीच्या प्रमुख म्हणून नियमावलीतलं ते कलम त्यांनीच घातलेलं होतं. पूर्वी पॅनेलवाले समितीला भाजलेली कोंबडी आणि बिअर पाठवत, आणि निकाल कोंबडीच्या वासाने लागत. तेव्हापासून समितीतल्या माणसाने कुठल्याही पॅनेलकडून पावाचा तुकडाही घ्यायचा नाही, घेतला तर ती निवडणूकच रद्द. पहाटेची प्रार्थना आणि शुक्रवारचा उपास जसा त्यांनी कधी चुकवला नव्हता, तसं हेही नाही.

योबाना विद्यार्थी संघाच्या निवडणुकीत हिरव्या पॅनेलची अध्यक्षपदाची उमेदवार होती. महिन्यापूर्वी गावाहून परतताना तिची बस घाटात उलटली आणि ती गेली. उपाध्यक्षपदाला उभी असलेली नेल्मा तिच्या जागी आली. पण मतपत्रिका त्याआधीच छापून झाल्या होत्या, आणि त्या पुन्हा छापायच्या नाहीत असा नियम होता. योबानाच्या नावावर पडलेलं मत नेल्माला जाणार होतं. सप्टेंबरातल्या संपाने सगळ्या तारखा पुढे ढकलल्या, आणि प्रचारबंदी येऊन पडली ती नेमकी आजच्या सणावर. दुपारी बारापासून आवारात कुठल्याही उमेदवाराचं नाव, चेहरा, पॅनेलचा रंग दिसता कामा नये. लाल पॅनेलचा प्रतिनिधी म्हणून लिंबेर्तने सकाळीच लेखी हरकत दिली होती.

"काकांना तुम्ही सांगा," नेल्मा हळूच म्हणाली. "माझ्याच्याने नाही होणार."

योबानाचे वडील सातुर्निनो पायरीवर बसले होते, टोपी गुडघ्यावर. पहिल्या बसने ते पावांची टोपली मांडीवर घेऊन आले होते. हेर्मिनियाबाई त्यांच्या शेजारी बसल्या.

"दादा, घरी का नाही मांडलंत मेज?"

"घरी मी एकटा. तिची आई जाऊन वर्षं झाली. इथे तिला हाका मारणारे आहेत." ते भिंतीकडे पाहत होते. "माझ्याकडे तिचा फोटो आहे तो ओळखपत्रातला. त्यात ती कुणाचा तरी खून करून आल्यासारखी बघते. इथे हसतेय."

हेर्मिनियाबाईंनी नियम सांगितला. आवाज वर न नेता, जसा त्या वर्गात सांगत, तसाच.

"पण बाई, ती मेलीय."

"हो."

"मेलेल्या माणसाचा कसला आलाय प्रचार?"

"मतपत्रिकेवर तिचं नाव आहे, दादा. कागदावर ती अजून उभी आहे."

"उभी आहे," त्यांनी पुन्हा म्हटलं. कुणी तरी बरी बातमी दिल्यासारखं. मग म्हणाले, "आणि चित्र तसंच राहिलं तर?"

"हिरवं पॅनेल बाद होईल."

"नक्की करतात हं त्या," लिंबेर्त मेजापाशी उभ्याउभ्याच म्हणाला. "गेल्या वर्षी आमचं केलं. संडासाच्या दारामागे एक पोस्टर राहिलं होतं. एकच, तेही अर्धं फाटलेलं. तेव्हा कुणाला दया आली नाही."

"तेव्हा तुमचं कुणी गेलं नव्हतं, लिंबेर्त," नेल्मा म्हणाली.

"दोन वर्षं एका बाकावर बसलोय मी तिच्याबरोबर. तिच्या वह्या बघून पास झालोय. मला नको शिकवूस."

वाऱ्याने एक मेणबत्ती विझवली, ती नेल्माने पुन्हा लावली.

"निवडून आली तर काय करणार होती ती?" सातुर्निनोंनी विचारलं. "फोनवर गरम पाण्याचं काही तरी सांगायची."

"वसतिगृहात गरम पाणी," नेल्मा म्हणाली. "मुलींच्या बाजूला दोन हिवाळे नाहीये, काका. बर्फासारख्या पाण्याने केस धुवून परीक्षेला जातो आम्ही."

"तिचे केस लांब होते," ते म्हणाले.

त्यांनी टोपी पायरीवर ठेवली.

"पॅनेल राहू दे, बाई. मेजाचं काय?"

"मेज राहील. हिरवा कागद तेवढा काढायचा."

"आणि भिंत कोण पुसणार?"

कोपऱ्यात दोघे पहारेकरी चुन्याची बादली घेऊन थांबले होते. नजर चुकवत एकाने बादली खाली ठेवली. सातुर्निनो उठले, कोट काढून त्यांनी नेल्माकडे दिला आणि कुंचा उचलला.

"काका, तुम्ही कशाला?"

"घर दरसाल मीच सारवतो आणि रंगवतो."

त्यांनी खालून सुरुवात केली. आधी पाय, मग हिरवा मफलर. वेण्या त्यांनी वरून खाली, कुंच्याच्या एकेका ओढीने झाकल्या, जशी वेणी घातली जाते तशा. तोंडाशी आल्यावर कुंचा बादलीत बुडवून बराच वेळ निथळत धरला. मग सगळं तोंड एका दमात झाकलं आणि मागे सरले.

योबाना तशीच हसत होती. पाण्याखाली ठेवल्यासारखी.

"मॅडम, दिसतंय अजून," लिंबेर्त घड्याळ बघत म्हणाला. "दुसरा हात द्यायला सांगा."

"ओल्या चुन्यातून दिसतंच, पोरा," सातुर्निनो मागे न वळता म्हणाले. "वाळला की जाईल. थांब जरा."

मग सगळेच थांबले. नेल्माने हिरवा कागद ओढून घडी घातली, त्याच्या जागी आपली पांढरी ओढणी अंथरली. उन्हं खानावळीच्या छपरावरून भिंतीवर उतरली. आधी पाय गेले, मग मफलर. लांबून दफनभूमीकडे निघालेल्या बँडचा ढोल ऐकू येत होता. दातांतली फट शेवटपर्यंत राहिली. मग तिथेही नुसता चुना झाला.

चर्चची घंटा वाजली.

"बारा," लिंबेर्त म्हणाला, आणि हरकतीच्या कागदावर त्याने सही केली. "आमची तक्रार नाही."

सातुर्निनोंनी पोरांकडे पाहिलं. "कोण म्हणतंय प्रार्थना?"

पोरं एकमेकांकडे बघू लागली. एकाने सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीवर अडला. कुणी तरी दबून हसलं. सातुर्निनोंचे हात टोपलीवर तसेच थांबले. प्रार्थनेशिवाय पाव वाटता येत नाही, आणि वाटल्याशिवाय तो आलेल्या जिवाच्या तोंडी लागत नाही.

हेर्मिनियाबाई पुढे झाल्या. प्रार्थनेबद्दल नियमात काही नव्हतं. त्यांनी पवित्र मातेची प्रार्थना म्हटली, मग मेलेल्यांसाठीची. मधे योबानाचं नाव आलं तेव्हाही आवाज तसाच राहिला, फक्त शालीचं टोक मुठीत गोळा झालं. शेवटचा 'आमेन' सगळ्यांत मोठ्याने लिंबेर्तने म्हटला.

सातुर्निनोंनी टोपली उचलली आणि पहिला पाव त्यालाच दिला. लिंबेर्तने तो दोन्ही हातांत धरला. मग नेल्मा, मग पोरं, पहारेकरी. सगळ्यांत शेवटी ते हेर्मिनियाबाईंसमोर आले. त्यांच्या तळव्यांवर ते पिठाचं बाळ होतं, मुखवट्यासकट.

"हे तुमचं, बाई. प्रार्थना तुम्ही म्हटलीत."

हेर्मिनियाबाईंचे हात शालीत होते.

"काका, मॅडमना नाही चालत," नेल्मा घाईने म्हणाली. "नियम आहे तो. मेज आमच्या पॅनेलचं आहे, कुणी पाहिलं तर निवडणूकच रद्द..."

"पाव आहे नुसता," सातुर्निनो म्हणाले. त्यांना कळलं नव्हतं. "नाही घेतला तर ती उपाशी जाईल ना?"

नेल्माने लिंबेर्तकडे पाहिलं. पोरांनीही पाहिलं.

लिंबेर्तच्या तोंडात घास होता. तो त्याने सावकाश गिळला. मेजावरचे पाव, त्या म्हाताऱ्याचे चुन्याने पांढरे झालेले हात, मॅडमची शाल, असं एकेक बघून तो वळला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तिथे बघण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. तरी तो बघत राहिला.