पाणी आलं असं समजा

धाकटी एक्केचाळीस वर्षांची होती, पण दोघी बहिणींत लहान म्हणून जन्मभर धाकटीच राहिली. नळकामाच्या वर्गातही ते नाव तिच्या मागोमाग आलं. बाकीच्या अकरा पोरी तिच्याहून निम्म्या वयाच्या, आणि त्या तिला 'धाकटी मावशी' म्हणायच्या. आता बोला!

प्रशिक्षण केंद्राची इमारत मात्र झकास होती. भिंतीभर पाइप, बावीस नळ, तीन बेसिनं, गच्चीवर टाकी. नव्हतं ते फक्त पाणी. रस्त्याखालची मोठी लाइन इमारतीपासून हातभर अलीकडे थांबली होती, आणि ते हातभर अंतर जोडण्याची परवानगी नऊ वर्षं कुठल्याशा टेबलावर झोपली होती. दरवर्षी इथून बारा-बाराच्या दोन तुकड्यांत चोवीस नळकामगार शिकून बाहेर पडायचे, पण आपल्याच दारातला पाइप जोडायची त्यांना मुभा नव्हती.

मास्तर तरी काय करणार? भला माणूस. निळा कोट घालून ते वर्गाच्या मधोमध उभे राहायचे आणि डोळे अर्धवट मिटायचे.

"व्हॉल्व्ह बंद आहे असं समजा," ते हळूच म्हणायचे. "जुना नळ काढा. नव्याला टेप गुंडाळा. आवळा. आता व्हॉल्व्ह उघडला असं समजा. पाणी आलं असं समजा."

खरा व्हॉल्व्ह वर गच्चीत, टाकीखाली होता. तिकडे कोण कशाला चढतंय!

दुपारचं ऊन खिडकीतून आत यायचं, त्यात धूळ तरंगायची, आणि बारा जणी कोरड्या नळांना कान लावून बसायच्या. असं 'समजण्यात' धाकटीचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिला पाणी खरंच ऐकू यायचं. आधी दूरवर भिंतीत कुठेतरी, मग कोपऱ्यावर वळताना जरा अडखळून, मग अगदी कानाशी. तिच्या तळव्याला गारवा लागायचा. घरी जाताना रस्त्यातली प्रत्येक भिंत तिला आतून वाहती वाटायची, आणि झोपेत ती पाइपांतून फिरायची, या मजल्यावरून त्या मजल्यावर, कुठेही न अडकता. ती कामाला होती ती गिरणी बंद पडल्यापासून इतकं सुख तिला कशानंच झालं नव्हतं.

वर्गातल्या चष्मेवालीला मात्र ओ की ठो ऐकू यायचं नाही. "पण सर, पाणी कुठंय?" ती रोज विचारायची, आणि सगळ्या हसायच्या. धाकटीही हसायची.

मास्तरांच्या टेबलामागे एक पितळी नळ पाइपाला जोडून ठेवला होता. खाली पाटी होती, 'आदर्श जोड'. मास्तरांनी नऊ वर्षांपूर्वी, रुजू झाले त्या दिवशी स्वतःच्या हातांनी केलेला. गळती अडवणारी पांढरी टेप कुठून धरायची, कोणत्या बाजूनं फिरवायची, सगळं त्यावर बघून शिकायचं.

धाकटीची थोरली बहीण सूतिकागृहाच्या धुलाईखान्यात कामाला होती. तिनंच बातमी आणली. तिथला म्हातारा नळवाला महिनाअखेरीला घरी बसणार होता, आणि बायकांचे वॉर्ड म्हणून या खेपेला त्यांना बाईच हवी होती. जागा एक. परीक्षाही तिथेच, तिसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीघरात. जी आधी पास होईल तिला ठेवून घेणार.

"तुझ्यासाठीच आहे ती जागा," थोरली म्हणाली. "तू वर, मी खाली. डबा एकत्र खाऊ."

धाकटीला दुसरं काही नकोच होतं. गिरणी बंद पडल्यापासून दोन वर्षं ती थोरलीच्या घरात आश्रितासारखी राहत होती. थोरलीनं कधी ब्र काढला नाही, पण म्हणून का मनाला लागत नाही? बहिणीशेजारी बसून आपला डबा उघडायचा, एवढंच तिला हवं होतं.

वर्गात पहिली म्हणून परीक्षेतही तिलाच पहिलं बोलावलं. बाकीच्या दाराशी दाटीवाटीनं उभ्या राहिल्या. परीक्षकांनी भिंतीतल्या गळक्या नळाकडे बोट केलं. "हा काढा, नवा बसवा."

धाकटीनं पाना लावला. डोळे अर्धवट मिटले. सगळं अगदी वर्गातल्यासारखं शांत झालं.

"व्हॉल्व्ह बंद आहे असं समजू," ती म्हणाली, आणि तिनं नळ काढला.

अरे देवा! पाण्याचा लोट तिच्या छातीवरच आदळला. पाना हातातून उडाला, परीक्षकांचे कागद लगदा झाले, पोरी किंचाळत मागे सरल्या. पण धाकटी जागची हलली नाही. दोन श्वास ती नुसती बघत राहिली. पाणी! ते गार होतं, जड होतं, आणि त्याचा आवाज मास्तरांच्या आवाजासारखा मुळीच नव्हता. मग ती भानावर आली. आधीच टेप गुंडाळून ठेवलेला नवा नळ तिनं त्या लोटातच भोकाशी नेला, खांदा लावला आणि फिरवू लागली. फिरवता फिरवता तिला दिसलं, की टेप उलट उकलत बाहेर येतेय. आवळावं तितकी सुटतेय. पांढरी शेपटी तिच्या बोटांभोवती वळवळली आणि वाहून गेली.

तोवर म्हाताऱ्या नळवाल्यानं धावत जाऊन व्हॉल्व्ह बंद केला. व्हॉल्व्ह दाराबाहेरच होता, चार पावलांवर.

"नापास," परीक्षक चेहरा पुसत म्हणाले. "पहिलीच पायरी चुकली, बाई."

चष्मेवालीचा नंबर दुसरा. ती आधी बाहेर गेली, व्हॉल्व्ह आवळून आली, मग नळाला हात लावला. नळ बसवल्यावर थेंब थेंब गळत होता, पण परीक्षक आधीच इतके भिजले होते की थेंबाचं त्यांना काय! जागा चष्मेवालीला मिळाली.

खाली धुलाईखान्यात थोरलीनं धाकटीचं डोकं खसाखसा पुसलं. "व्हॉल्व्हचं एक चक्र फिरवायचं होतं गं! एक चक्र!" म्हणता म्हणता तीच रडू लागली. मग धाकटीही रडली, अगदी लहान बहिणीसारखी, आवाज काढून.

दुसऱ्या दिवशी ती केंद्रात गेली ती दोन बादल्या घेऊनच. रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळापासून गच्चीपर्यंत बारा जणींची रांग लागली. चष्मेवालीही होती, मान खाली घालून. मास्तर जिन्याच्या पायथ्याशी उभे राहून "अगं, पण... अगं, पण..." करत होते. टाकी अर्धी भरल्यावर धाकटीनं व्हॉल्व्हचं चक्र धरलं. नऊ वर्षांत न फिरलेलं चक्र ते. तिनं आणि आणखी एका पोरीनं लोंबकळून फिरवलं.

खाली वर्गात आधी हवा शिट्टी वाजवत निघाली. मग भिंतीत पाणी आलं.

सगळे जोड गळू लागले. बावीसच्या बावीस. खोलीभर टपटप सुरू झालं, आणि खिडकीतल्या उन्हात प्रत्येक थेंब सोनेरी होऊन पडत होता. इतकं सुंदर काही त्या खोलीनं कधी पाहिलं नव्हतं. मास्तर आपल्या टेबलामागे गेले. आदर्श जोडाखाली पाटीवर थेंब पडत होते, अक्षरं ओघळत होती.

"टेप उलटी आहे, मास्तर," धाकटी म्हणाली. "नळ आवळला की सुटते. काल पाण्यात दिसलं मला."

मास्तरांनी जोडाखाली तळवा धरला. "मलाही असंच शिकवलं होतं," ते कसेबसे म्हणाले. "कोरड्यातच. मी शिकवलेली किती पोरं बाहेर आहेत गं. किती घरांत..." ते खुर्चीवर बसले. "तुला नापास मी केलं."

"हो," धाकटी म्हणाली. तिला राग आला होता, आणि तो तिनं लपवला नाही. "ती जागा माझी होती."

चष्मेवाली हळूच पुढे आली. "मावशी, तिथला माझा नळही गळतोय. सोमवारी मला रुजू व्हायचंय. दाखवशील?"

धाकटीनं तिच्याकडे पाहिलं. पोरीनं चष्म्यावर उडालेलं पाणी पुसलं. धाकटीनं मोठा सुस्कारा सोडला, पाना उचलला आणि तो मास्तरांसमोर धरला.

"आधी हा जोड खोला."

मास्तर उठले, पाना आदर्श जोडाला लावला आणि सवयीनं डोळे अर्धवट मिटले. "व्हॉल्व्ह बंद आहे असं..."

ते थांबले. पाना खाली ठेवून, गुडघ्यांवर हात टेकत, नऊ वर्षांत पहिल्यांदाच मास्तर गच्चीचा जिना चढू लागले.