संथ हाकेचा बेडूक

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. आता प्राणिशास्त्राच्या खोलीत, कपाटाच्या दुसऱ्या फळीवर पडून असतो. एके काळी मला क्षणाची उसंत नव्हती. बेडकांचा अभ्यास करणाऱ्या आमच्या बाई तिन्हीसांजेला मला खांद्याला अडकवून डबक्याकाठी नेत. सोबत प्रयोगशाळेतले मामा, हातात तापमापक घेऊन.

त्या डबक्यात अगदी सारखे दिसणारे बेडूक होते. काहींची हाक भरभर, काहींची संथ. बाई म्हणत, "या दोन वेगळ्या जाती आहेत." विभागाचे मोठे सर हसत, "अहो बाई, गारठलाय तो बिचारा!" त्यातही तथ्य होतं, थंड पाण्यात बेडूक सावकाशच ओरडतो. बाईंजवळ पुरावा नव्हता.

हाकांची सरमिसळ नको म्हणून एका घमेल्यात एकच बेडूक ठेवायचा, असा बाईंचा नियम होता. एकदा मामांनी दोन ठेवले.

"मामा, डोकं कुठं गहाण ठेवलंत?"

"एकच घमेलं धुतलेलं होतं हो!"

तेवढ्यात दोघांचे गळे फुगले. एकाच पाण्यात एक भरभर, दुसरा संथ! बाईंनी झटकन माझं बटण दाबलं.

पुढे सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं मोजली, तर संथ बेडकात ती दुप्पट. फार पूर्वी त्याच्या पूर्वजांत गुणसूत्रांचा अख्खा संच दुप्पट झाला होता. पेशी मोठ्या झाल्या, हाक संथ झाली असावी. मादी आपल्याच जातीची हाक ओळखून जोडीदार निवडते, म्हणून दोन्ही कुळं वेगळी राहिली. सरांनी टेप तीनदा ऐकली आणि सर्वांसाठी चहा सांगितला. किती मिरवलो मी त्या दिवशी!

मग खिशात मावणारी यंत्रं आली. माझ्यावर धूळ साचली.

परवा निवृत्त बाई नव्या मुलांना तीच टेप ऐकवायला आल्या. माझा आतला रबरी पट्टा सैल झाला होता. टेप हळू फिरली आणि तिच्यावरचा बाईंचा तरुण आवाज जडावून निघाला. एका मुलीनं विचारलं, "यातला भरभर कोणता? दोघंही रेंगाळतायत."

बाईंचा चेहरा पडला. डबकं कधीच बुजलंय; पुन्हा ऐकायला जाणार कुठं?

मित्रांनो, यंत्र वापरात नसलं तरी अधूनमधून उघडून पाहत जा. माझा पट्टा बदला. त्या दोन बेडकांविषयी मला खोटं बोलायचं नाही.