तिजोरीतली राणी

जे घड्याळ नुसतं तिजोरीत पडून असतं, मनगटावर कधी चढत नाही, त्याला आम्ही तिजोरीतली राणी म्हणतो. असली राणी जो जेवायला घेऊन येईल त्याने सगळ्यांना खेकडा खिलवायचा, हा हॉक चुआनचा नियम. हॉक चुआन दातांचा डॉक्टर. आयुष्यभर लोकांना तोंड उघडायला लावलं, आता स्वतःचं मिटत नाही.

महिन्यातून एकदा आम्ही घड्याळवेडे कटोंग भागातल्या एका मावशींच्या हॉटेलात मागच्या खोलीत जमतो. हॉक चुआन, रोझालिन आणि मी, टेक ह्वात. पूर्वी स्यू एंगही असायची, माझी बायको. तिला घड्याळांतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण खेकडा फोडून सगळ्यांच्या ताटल्यांत वाढायचं काम तिचं. तिला जाऊन आता वर्ष झालं.

त्या संध्याकाळी रोझालिन गाडी घेऊन मला न्यायला आली. मी दुपारपासूनच कपडे करून बसलो होतो, पण ते तिला सांगायची गरज नव्हती.

"नाचाचा क्लास काय म्हणतोय?" तिने विचारलं.

"जोरात. पाय मोडून आलेत नुसते."

क्लासबिस काही नाही. स्यू एंग गेल्यावर लोक चेहरे पाडून 'कसा आहेस' विचारायचे, त्याचा मला संताप यायचा. एकदा ही थाप मारली, चेहरे खुलले, मग तीच चालू ठेवली. खरं तर मी दिवसभर खिडकीपाशी खुर्चीत बसतो. ते या दोघांना कळू नये एवढंच मला हवं होतं. कीव शिरली की मैत्री संपते, असं माझं मत आहे.

तिखट रश्श्यातला खेकडा खाताना हात मनगटापर्यंत माखतात. म्हणून तो यायच्या आत सगळ्यांनी घड्याळं काढून फिरत्या टेबलावरच्या कापडावर ठेवायची आणि टेबल हळूच फिरवायचं. ज्याच्यापुढे जे थांबेल ते त्याने उचलून बघायचं. माझं हॉक चुआनपुढे थांबलं.

"किती वाजले गं?" त्याने रोझालिनला विचारलं.

"पावणेआठ."

"आणि या महाशयांचे अडीच. तारीख परवाची." त्याच्या डोळ्यांत आनंद मावेना. "तिजोरीतून काढलंस, हातावर चढवलंस आणि वेळ लावायला विसरलास होय रे? राणीसाहेब सापडल्या. मावशी, खेकडा मोठा आणा, आज टेक ह्वात देतोय."

मी तिथे गप्प बसायला हवं होतं. एका खेकड्यावर सुटलो असतो. पण ते घड्याळ स्यू एंगने मी निवृत्त झालो तेव्हा दिलेलं. त्याला राणी म्हटलेलं मला खपलं नाही.

"तोंड सांभाळ," मी म्हणालो. "ती गेल्यापासून हे माझ्या हातावरून उतरलेलं नाही. आंघोळीला नाही, झोपताना नाही. तिची शपथ."

बोललो आणि जीभ चावली. या घड्याळाला चावी द्यावी लागत नाही, हात हलला की त्याची चावी आपोआप भरते. हातावर असूनही ते थांबलं, म्हणजे हात हललाच नाही. नाचणाऱ्या माणसाचं घड्याळ थांबत नाही. परवा कधीतरी ते बंद पडलं, आज खाली उतरून गाडीत बसेपर्यंत हात हलला तेव्हा पुन्हा चालू झालं, आणि मधल्या काळात मी त्याच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. वेळ बघायचं मला कारणच नव्हतं. हे या टेबलावर कुणाला समजावून सांगावं लागणार नव्हतं.

रोझालिन रुमालाची घडी घालत बसली. हॉक चुआनने माझ्या घड्याळाची वेळ लावली, तारीख लावली, काच पुसली.

"जुनं झालंय," तो म्हणाला. "आतलं तेल सुकलं असेल." मग तो मावशींकडे वळला. "खेकडा माझ्या नावावर लिहा."

इतक्या वर्षांत त्याने कुणाचाही दंड माफ केला नव्हता. खेकडा आल्यावर त्याने नांगी फोडली आणि न बोलता माझ्या ताटलीत ठेवली. मी खाल्ली. रस्सा तिखट होता हे बरं झालं, डोळे पुसायला वेगळं निमित्त लागलं नाही.

रोझालिनने मला इमारतीखाली सोडलं. मी उतरल्यावर तिने काच खाली केली.

"शनिवारी सकाळी मी समुद्रावर चालायला जाते. येतोस?"

मला जायचं होतं. फार जायचं होतं.

"शनिवारी क्लास असतो गं," मी म्हणालो.

"हो की," ती म्हणाली. "विसरलेच मी."

गाडी निघाली तसा मी हात हलवला. ती कोपऱ्यावर वळली, दिवे दिसेनासे झाले. तरी मी तिथेच उभा राहून हात हलवत राहिलो. सकाळपर्यंत तरी घड्याळ चालायला हवं होतं.