दादाच्या बादल्या

मेलेल्या कासवाचं जठर उघडलं आणि डॉक्टरचं डोकंच फिरलं. आत जंतांचा नुसता गुंता होता, आणि जिथे ते चिकटले होते तिथे जखमाच जखमा. हे कासव अंड्यातून बाहेर पडलं तेव्हापासून तिच्या बचाव केंद्रातल्या टाकीत वाढलं होतं. ती त्याला आता समुद्रात सोडणार होती, तर ते टेबलावर उताणं पडलं होतं.

हा जंत पोटात जातो तो खाण्यातून. आणि इथलं खाणं म्हणजे दादाचे शिंपले. दादा तिचा सख्खा थोरला भाऊ, खाडीत त्याची शिंपल्यांची शेती. रोज सकाळी त्याचा टेम्पो बादल्या उतरवून जायचा, फुकट, आणि या दानाचं कौतुक तो चारचौघांत करून घ्यायचा. बाहेरून आलेलं खाणं ती आधी गोठवायची, म्हणजे आतला जंत मरतो. दादाच्या बादल्या मात्र थेट टाकीत. सख्ख्या भावाने पाठवलेला डबा कुणी हुंगून बघतं का?

आज तिने बघितलं. एक शिंपला फोडला, मग दुसरा, मग अख्खी बादलीच. पांढऱ्या मांसात पिवळसर जंत वेटोळं घालून बसलेले. एखाददुसरा असता तर नशीब म्हटलं असतं. हा तर वेचून बाजूला काढलेला माल होता. बाजारात खपणार नाही तो बहिणीच्या गळ्यात.

आणि हाच माणूस सगळीकडे सांगत सुटला होता की कासवांमुळे शिंपल्यांना जंत लागतात, हे केंद्र बंद करा. उद्या त्याचसाठी खाडीवाल्यांची सभा होती. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

तिने त्याला बोलावून घेतलं. त्याने नाकारलंही नाही. हे शिंपले फेकून दिले असते तर बोभाटा झाला असता, म्हणाला, आणि माणसाला या जंताने काही होत नाही, हे तूच सांगितलं होतंस. वर हसला.

"धर्माची गाय आणि दात का गं नाही? तुझं आपलं तसंच."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माणसाला होत नाही, दादा. मेलंय ते कासव."

एका कासवासाठी एवढं काय, असं त्याचं म्हणणं. सभेत ती गप्प बसली तर केंद्राचं तो सांभाळून घेईल, घरचं घरात राहील.

ती त्याला हाताला धरून मागच्या दारी घेऊन गेली. टाकीचं पाणी तिथल्या नळातून खडकांवर पडत होतं आणि खडकांवरून सरळ खाडीत, शिंपले चिकटून वाढतात त्या त्याच्या शेतीच्या खांबांमध्ये. जंत कासवाच्या पोटात मोठा होतो, तिने सांगितलं, तिथे अंडी घालतो, ती अंडी या पाण्यातून जातात आणि शिंपल्यात शिरतात. तू पाठवलेलं सगळं व्याजासकट तुझ्याच दारात परत येतंय. तुझ्याच नाही, शेजाऱ्यांच्याही.

दादाचा चेहरा उतरला.

"सभेत बोलू नकोस," तो म्हणाला. "खाडीवाले मला उभं करणार नाहीत. आणि तुझं तरी केंद्र राहील का?"

"नाही राहणार. पण तुझ्या बादल्या आणि माझा नळ, दोन्ही सांगणार आहे."

ती आत गेली आणि उरलेल्या दोन कासवांना दुसरीकडे कुठे ठेवता येईल, हे विचारायला तिने फोन उचलला.